बोटांच्या ठशात मुलगा सापडत नाही

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची दोन मुलं. मोठी मुलगी दहावीत. तिला पाचवीत स्कॉलरशिप मिळाली होती, इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे, गाण्याच्या परीक्षाही ती देत आली आहे. धाकटा मुलगा सातवीत. त्याला आतापर्यंत अबॅकस, तबला, कराटे आणि चित्रकला असे क्लास लावून झाले, दोन-तीन महिन्यांत त्याने प्रत्येक सोडला. ‘एका जागी बसत नाही’, ‘आकडे जमत नाहीत’, गणितात कसाबसा पास होतो. मोठ्याने वाचायला सांगितलं की त्याच्या पोटात दुखतं. जोडाक्षरं अजून चुकतात. तोंडी विचारलं तर उत्तर येतं, लिहायला बसवलं की येत नाही. गेलं वर्षभर शाळा सुटली की स्टँडजवळच्या मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या दुकानात जाऊन बसतो, ‘तिथले काका त्याला टर्न (तारेचे वेढे) मोजायला बसवतात आणि हा आनंदाने मोजत बसतो’. घरी आला की आजीपाशी. आजीच्या गोळ्या, आजीची काठी, आजीशी गप्पा.

वडील पतसंस्थेत नोकरीला आहेत. त्यांचं म्हणणं, दहावीपर्यंत मागे लागून अभ्यास करून घ्यायचा, बाकी लाड नंतर. दरम्यान एका प्रदर्शनात या बाईंनी मुलाच्या दहाही बोटांचे ठसे देऊन ‘बुद्धिमत्ता चाचणी’ करून घेतली. रंगीत अहवाल आला. त्यात तर्कबुद्धी कमी आणि संगीत जास्त निघालं. आता त्याच लोकांचा बारा हजारांचा कोर्स लावावा का, असा त्यांचा प्रश्न आहे. मुलाचं कौतुक कसं करायचं, हेही त्यांनी विचारलंय. शेवटी त्या लिहितात, ‘प्रत्येक मुलात काहीतरी असतंच म्हणतात. मग माझ्या मुलात काय आहे, ते मला का दिसत नाही?’

ताई,

तो कोर्स लावू नका. बारा हजार ही तुमच्या घराला जाणवणारी रक्कम आहे आणि ती ज्या अहवालाच्या भरवशावर द्यायची, त्या अहवालाला शास्त्राचा आधार नाही. बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असताना, साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात तयार होतात आणि पुढे जन्मभर तशाच राहतात. म्हणजे ही चाचणी तुमच्या मुलाची आज केली काय आणि साठाव्या वर्षी केली काय, उत्तर एकच यायचं. मधल्या काळात तो काय शिकला, कोणाच्या सहवासात वाढला, कशात हरला, कशाला चिकटून राहिला, यातल्या कशानेही त्या अहवालातला एक आकडा हलणार नाही. माणूस असा नसतो हे तुम्हाला-मला कुठल्याही शास्त्राशिवाय माहीत आहे.

त्या अहवालात आठ-नऊ प्रकारच्या बुद्धिमत्तांचे रंगीत गोल असतील. ती कल्पना हॉवर्ड गार्डनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये मांडली. बुद्धी एकाच मापाने मोजू नये, ती अनेक प्रकारची असते, असं त्यांचं म्हणणं. त्यावर तज्ज्ञांमध्ये अजूनही वाद आहेत. पण तो वाद बाजूला ठेवला तरी, बोटांच्या ठशांवरून या बुद्धिमत्ता ओळखता येतात असं गार्डनर यांनी कधीच म्हटलेलं नाही. त्यांची कल्पना उचलून तिला ठशांची जोड नंतर इतरांनी दिली. तेव्हा तो अहवाल कपाटात ठेवा, आणि मुलाला तो दाखवला असेल तर त्याला स्पष्ट सांगा की यात लिहिलेलं खरं धरायचं कारण नाही. ‘तुझी तर्कबुद्धी कमी आहे’ हे वाक्य बारा वर्षांच्या मुलाच्या मनात फार काळ राहतं.

आता तुमचा खरा प्रश्न. ‘माझ्या मुलात काय आहे?’ या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती तुमची एकटीची नाही, मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत ती असते. मुलाच्या आत कुठेतरी एक गुण तयार होऊन बसलेला आहे, तो शोधून काढणारा क्लास, चाचणी किंवा गुरू सापडला की झालं. म्हणून एक क्लास लावून बघायचा, नाही जमला की दुसरा. चार ठिकाणी काही सापडलं नाही की आईला वाटू लागतं, आत काही नाहीच. पण गुण असा आधीपासून पूर्ण तयार नसतो. थोडी ओढ असते, थोडी देहाची किंवा मनाची ठेवण असते, आणि बाकीचा गुण करता करता, कोणाच्या तरी सोबतीने, पुष्कळ वेळ देऊन घडतो. त्यामुळे ‘काय आहे’ यापेक्षा ‘हा कशाकडे आपणहून परत परत जातो आणि तिथे गेल्यावर काय करतो’ हे बघणं जास्त कामाचं आहे.

आणि ते तुम्ही बघितलेलं आहे. पत्रात तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय, एवढंच. टर्न मोजण्याचंच घ्या. जळालेल्या मोटारीचं जुनं वाइंडिंग उकलताना एकेका कॉइलला किती टर्न होते, तार किती गेजची (जाडीची) होती, कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत गेली होती, हे सगळं टिपून ठेवावं लागतं. चोवीस किंवा छत्तीस खाचांच्या स्टेटरमध्ये, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागात, नवी तार त्याच हिशेबाने भरायची असते. टर्न कमी-जास्त झाले, कनेक्शन उलटं झालं, तर मोटार नीट चालत नाही, गरम होते, पुन्हा जळते, आणि शेतकरी दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन उभा राहतो. रिवाइंडिंगवाला हे काम पोराटोरावर सोडत नाही. तुमच्या मुलाला त्या काकांनी मोजायला बसवलं, पुन्हा पुन्हा बसवलं, म्हणजे त्याची मोजणी चुकत नाही असा त्यांचा अनुभव असणार. जो मुलगा ‘एका जागी बसत नाही’, ज्याला ‘आकडे जमत नाहीत’, तो एका जागी बसून आकडे मोजतोय. मग त्याला अबॅकसमध्ये काय जमलं नाही, हा प्रश्न नव्याने विचारायला हवा. तिथे मोजून काय होणार होतं, हे त्याला कोणी सांगितलं होतं का? दुकानात त्याच्या मोजण्यावर कोणाच्या तरी उसाला पाणी जायचं असतं.

आजीचंही तसंच. म्हाताऱ्या माणसाला गोळ्या वेळेवर घ्यायला लावणं किती अवघड असतं, हे तुम्ही सून म्हणून जाणता. तो रोज ते करतो आणि आजी त्याचं ऐकते. याला प्रमाणपत्र नाही, कुठल्या अहवालात त्याचा रंगीत गोल नाही. पण माणसाच्या कलाने घेणं, कंटाळा न करणं, न सांगता लक्षात ठेवणं हे गुणच आहेत, आणि ज्या घरात ते असतात तिथे लोक ते गृहीत धरतात, विशेषतः ते मुलीत असले तर. मुलग्यात असले तर त्याला कधीकधी ‘बायकी’ म्हटलं जातं. तुमच्या घरी तसं होत नसेल अशी आशा आहे. होत असेल तर ते आधी थांबवा.

आता लगेच एक सावधगिरीची गोष्ट. हे वाचून तुम्ही उद्या त्याला ‘आमचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर’ म्हणायला लागू नका, रोबोटिक्सचा क्लासही शोधू नका. मुलाची आवड दिसली रे दिसली की तिला करिअरचं नाव द्यायची आपल्याकडे फार घाई असते. शिकागो विद्यापीठातल्या बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपापल्या क्षेत्रात अगदी वर पोहोचलेल्या 120 माणसांचा अभ्यास केला होता. तो 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत पियानोवादक, शिल्पकार, जलतरणपटू, टेनिसपटू, गणितज्ञ, मेंदूचे संशोधक होते. त्यांच्या बालपणाबद्दल त्यांच्याशी आणि घरच्यांशी बोलल्यावर दिसलं ते असं, की अकराव्या-बाराव्या वर्षी यांतल्या फारच थोड्यांबद्दल कोणी खात्रीने सांगू शकलं असतं की हे एवढे मोठे होणार. आणखी एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. त्यांचे पहिले शिक्षक बहुतेकदा नामांकित नव्हते, आसपास राहणारे साधे शिक्षक होते. पण ते प्रेमळ होते, आणि त्यांच्याकडे शिकणं मुलांना खेळासारखं वाटायचं. शिस्त, कठोर सराव, मोठे गुरू हे सगळं नंतर आलं, मुलाची ओढ पक्की झाल्यावर.

तुमच्या मुलाचे असे पहिले शिक्षक ते रिवाइंडिंगवाले काका आहेत. तुम्ही एकदा त्या दुकानात जाऊन या. ‘मुलगा तुम्हाला त्रास तर देत नाही ना’ असं विचारायला नको, काम बघायला जा. ‘त्याला काय येतं, तो काय विचारतो, कुठे चुकतो’ हे काकांना विचारा. पालकांना जे अहवालात सापडत नाही, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि दुकानदारांना पुष्कळदा माहीत असतं, कारण त्यांना मुलाचे मार्क माहीत नसतात.

काकांशी एक गोष्ट मात्र पक्की ठरवून घ्या. चालू करंटच्या जवळ त्याचा हात जाता कामा नये. टर्न मोजणं, नोंद करणं, तार हातात देणं, बंद मोटारीचं बेअरिंग कसं काढतात ते बघणं, इथपर्यंत ठीक. टेस्टिंग चालू असताना तो लांब. वार्निशच्या वासातही त्याने फार वेळ बसू नये. आणि कितीही आवडलं तरी हे त्याचं काम होऊ देऊ नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा चांगला आहे. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी, तासभर, शिकायला म्हणून जायचं. वेळ ठरलेली असली की वडिलांचा विरोधही थोडा मवाळ होईल.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. तुम्ही ती पत्रात जाता जाता लिहिली आहे. मोठ्याने वाचायची वेळ आली की पोटात दुखणं, सातवीतही जोडाक्षरं चुकणं, तोंडी येणारं उत्तर कागदावर न येणं. ताई, याला आळस म्हणू नका. आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असतील तर त्याची अध्ययन अक्षमतेसाठी तपासणी करून घ्या. हुशार मुलांनाही ही अडचण असते. वाचणं, लिहिणं किंवा आकडेमोड यांपैकी एखादी वाट मेंदूला अवघड जाते, बाकीच्या वाटा मोकळ्या असतात. त्याला तसं असेलच असं मी पत्रावरून सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही, म्हणून तर तपासणी करायची. आधी शाळेतल्या वर्गशिक्षकांशी बोला, मग जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करा. मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, सायन, केईएम आणि नायर रुग्णालयांत हे काम पुष्कळ वर्षांपासून होतं. तपासणीत मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मुलाकडून वाचून, लिहून घेतात, त्याच्या बुद्धीचीही चाचणी होते. ती बसून, वेळ देऊन, त्याच्याशी बोलत करायची चाचणी असते.

अडचण निघाली तर घाबरू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ धरलेली आहे. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षांत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि अर्ज शाळेमार्फत जातो. पण सवलतींपेक्षा महत्त्वाची आहे ती वाचन शिकवण्याची वेगळी पद्धत, आणि ती जेवढी लवकर सुरू होईल तेवढं बरं. सातवी म्हणजे उशीर झालेला नाही. दहावीच्या नोव्हेंबरात धावपळ सुरू झाली तर झालेला असेल.

हे एवढं लांबवून लिहायचं कारण असं, की मुलाचे गुण जोपासायचे म्हणजे त्याच्या अडचणीकडे काणाडोळा करायचा, असा समज हल्ली पसरतोय. ‘त्याला वाचन जमत नाही, पण हाताने छान करतो, तेवढं पुरे.’ पुरे नाही. मोटारीची माहितीपुस्तिका त्याला वाचता आली पाहिजे, पुढे आयटीआय किंवा डिप्लोमाची पुस्तकं वाचता आली पाहिजेत, बिल लिहिता आलं पाहिजे. आवडत्या कामाकडे जाणाऱ्या रस्त्यावर न आवडणारी कामं येतातच, आणि ती पार करायला मोठ्या माणसाची मदत लागते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. रोज शाळेत जो मुलगा फक्त आपली चूक ऐकतो, त्याला दिवसातून एक तास तरी अशी जागा हवी जिथे तो बरोबर असतो. तुमच्या मुलाला ती जागा त्या दुकानात मिळाली आहे. म्हणून अभ्यास झाला नाही या शिक्षेपोटी दुकान बंद करू नका. दुसरी काही शिक्षा शोधा, किंवा शिक्षाच नको.

कौतुक कसं करायचं हेही विचारलंय तुम्ही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘किती हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘किती मेहनत घेतलीस’ म्हटलं. हुशार म्हटलेल्या मुलांचा कल नंतर सोपी, खात्रीने येतील अशी कोडी निवडण्याकडे होता, आणि एकदा अवघड कोड्यांत आपटल्यावर त्यांची कामगिरी खाली आली. हुशार हा शिक्का जपायचा असतो ना, मग चुकायची जोखीम कोण घेणार. तुमच्या मुलाला तर ‘हुशार’ हा शब्द घरात मोठ्या बहिणीसाठी राखीव आहे हे माहीतच आहे. तेव्हा ‘तूही हुशार आहेस’ असं म्हणून त्याला बरं वाटेलच असं नाही. त्याने केलेल्या कामाबद्दल बोला. ‘एवढे टर्न मोजताना मध्ये कोणी हाक मारली तर तू काय करतोस?’ असा प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. मला खात्री आहे, त्याची काहीतरी युक्ती असेल. ती युक्ती त्याला शब्दांत सांगता आली की तीच पाढ्यांना, पाठांतराला कशी लावता येईल, हे तो स्वतः शोधेल.

बक्षिसांचं जरा जपून. स्टॅनफर्डमध्ये 1973 साली बालवाडीतल्या मुलांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं, त्यांतल्या काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. ते मिळालंही. पण एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रं काढण्यात बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ घालवू लागली. आवडीचं काम एकदा मोबदल्याचं झालं की आवड आटू शकते. आपल्याकडे इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीत 7 गुण वाढतात, म्हणून चित्रकलेच्या क्लासला गर्दी असते. गुण जरूर घ्यावेत, त्यात काही गैर नाही. मात्र दहावीनंतर रंगांची पेटी पुन्हा किती मुलं उघडतात, ते आपापल्या घरात बघावं.

क्लासबद्दल. आता वर्षभर एकही नवा क्लास लावू नका. चार क्लास सोडले म्हणजे चिकाटी नाही, असा अर्थ तुम्ही काढलात, पण जो मुलगा वर्षभर एकाच दुकानात जातोय त्याला चिकाटी नाही असं कसं म्हणायचं? प्रत्येक क्लास त्याने का सोडला ते त्याला एकदा शांतपणे विचारा, चारही वेगळी कारणं निघतील. तबला कदाचित तबल्यामुळे सुटला नसेल. बहिणीच्याच बाईंकडे जायचं आणि ‘तुझी बहीण किती पटकन शिकली’ ऐकायचं, यामुळे सुटला असेल. पुढे कधी त्यानेच काही मागितलं तर फी भरण्याआधी ठरवून घ्या, दिवाळीपर्यंत सोडायचं नाही, दिवाळीत बसून ठरवू. सुरुवातीची गंमत संपल्यावर प्रत्येक विद्येत एक कंटाळवाणा टप्पा येतो, तो ओलांडेपर्यंत थांबायला ही मुदत उपयोगी पडते. मुदत संपल्यावर त्याने सोडायचं म्हटलं तर सोडू द्या, टोमणा न मारता.

घरात एक साधी वही ठेवा, त्याला न दाखवता. आठवड्याला चार ओळी पुरेत. या आठवड्यात तो कशात इतका रमला की जेवायला हाक मारावी लागली, काय बिघडल्यावर त्याने पुन्हा करून पाहिलं, कोण त्याच्याकडे मदत मागायला आलं. मार्क लिहू नका, विशेषणं लिहू नका, घडलं ते लिहा. चार-पाच महिन्यांनी वाचलीत की तुम्हाला जे दिसेल ते कुठल्याही अहवालापेक्षा खरं असेल. आणि जे दिसेल ते बदलतं राहील, हेही धरून चाला. आठवीत मोटारी सुटून शेळ्या किंवा क्रिकेटचा स्कोअर लिहिणं आलं, तर टर्न मोजण्यातलं लक्ष वाया गेलेलं नसतं, ते तिकडे जातं.

तुमच्या यजमानांसाठी दोन शब्द. दादा, तुमची भीती मी समजू शकते. पोरगं दुकानात बसून शिक्षण सोडेल, हीच ना? ती खोटी भीती नाही, तसं घडलेलं आपण आजूबाजूला पाहतो. पण ते बहुतेकदा तेव्हा घडतं, जेव्हा शाळा आणि दुकान यांच्यात मुलाला निवड करायला लावली जाते. दोन्ही एकाच बाजूला ठेवली तर तो दोन्हीकडे टिकतो. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हेच धरून, की हाताने काम करता करता मुलं विज्ञान आणि गणित शिकतात. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत पोहोचला. तुमच्या मुलाच्या माध्यमिक शाळेत असा विषय आहे का, ते आठवीच्या आधी विचारा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराशिवाय सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा गावातल्या जाणकारांकडे शिकावं असं सुचवलेलं आहे. तुमचा मुलगा ते आपल्या पायांनी करतोय. आणि तुम्ही स्वतः पतसंस्थेत रोज हिशेब बघता. त्या काकांच्या दुकानाचा महिन्याचा हिशेब कसा बसतो, तार किती किलो लागली, एका मोटारीमागे काय सुटलं, हे एखाद्या रविवारी मुलाबरोबर कागदावर मांडून बघा. त्याच्या गणितात ही शिकवणी सगळ्यात लवकर उतरेल, कारण शिकवणारे तुम्ही असाल आणि माहिती त्याची असेल.

ज्यांच्या गावात असं दुकान नाही, किंवा जे शहरात फ्लॅटमध्ये राहतात आणि मुलांचा प्रत्येक तास क्लासला वाटून दिलेला आहे, त्यांनी आधी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोकळ्या करून बघाव्यात. पहिले काही दिवस मूल कंटाळेल, मोबाईल मागेल, भुणभुण करेल. ते सोसावं. घरातली खरी कामं त्याच्यावर सोपवावीत, खोटी नव्हे: मंडईतून भाजी आणणं आणि भाव करणं, कुकर लावणं, आजोबांना बँकेत नेणं, गणपतीच्या सजावटीचा खर्च ठरलेल्या रकमेत बसवणं. सोसायटीतले वॉचमनकाका, इस्त्रीवाले, बाग बघणारे माळी, एखाद्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, यांच्यापैकी कोणाशी मुलाचं जमतं ते बघावं. मुलाला आईवडिलांव्यतिरिक्त एक मोठं माणूस हवं असतं, ज्याला त्याच्याकडून निकाल नको असतो.

राहता राहिली तुमची मुलगी. सगळ्या पत्रात ती फक्त मोजपट्टी म्हणून आली आहे, आणि मला तिची काळजी वाटते. स्कॉलरशिप, ए ग्रेड, गाणं, आता दहावी. तिने काय मिळवलं ते तुम्ही लिहिलंय, तिला काय आवडतं ते कुठेच नाही. गाणं तिला हवं म्हणून चालू आहे, की जमतं म्हणून? धाकट्याला मुलगा म्हणून दुकानात रमायची मोकळीक आहे, तिने मोटार उघडून बघायची म्हटलं असतं तर चाललं असतं का? चांगले मार्क मिळवणाऱ्या मुलींना हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण त्यांचं ‘सगळं ठीक’ चाललेलं असतं, आणि मग त्या अकरावीला सायन्स घेतात कारण मार्क पडलेत. बोर्डाची परीक्षा संपली की एक दिवस तिला घेऊन बाहेर कुठेतरी जा, भाऊ नको, बाबा नकोत, आणि विचारा. ती लगेच काही बोलणार नाही. अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा दिवस येईपर्यंत तुमच्याकडे दोन-अडीच महिने असतील, तेवढ्यात पुन्हा विचारा.